खर्र्याभोवतीची वर्तुळं

मुंबई-कोलकाता महामार्गाने साकोली ओलांडून गोंदिया जिल्ह्यात शिरलं की थोड्याच वेळात सौंदड लागतं. तालुका सडक अर्जुनी. महामार्गाचा जुना क्रमांक सहा, आता त्रेपन्न. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं स्थानकही गावाला आहे. चुलबंद नदीच्या खोऱ्यातला हा झाडीपट्टीचा, धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. या सगळ्या काळात आणि या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट हमखास हाताशी असते, ती म्हणजे खर्रा.

खर्रा पूर्व विदर्भाबाहेर फारसा माहीत नाही. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन पानठेलेवाला तो चांगला घोटतो आणि पुडी बांधून देतो. पुडी एकाची असली तरी ती चौघांत फिरते. पाहुणा आला, सोयरीक जमली, बांधावर दोन माणसं भेटली, की पुडी उघडते. नको म्हणणं जड जातं.

आरोग्य खात्याच्या भाषेत ही 'वर्तणूक' आहे आणि तिच्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे जनजागृती: भिंतीवर घोषवाक्य, शाळेत शपथ, शिबिरात भाषण. ही कामं निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या प्रौढांमध्ये तंबाखूचं प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आलं. त्यातला मोठा भाग मात्र चघळण्याच्या तंबाखूचा होता: २४.४ टक्के. विडी-सिगारेटपेक्षा चघळणं हीच या राज्याची अडचण आहे. आणि तंबाखूने कॅन्सर होतो हे झाडीपट्टीत आता कोणाला सांगावं लागत नाही. माहीत असूनही माणूस खातो. मग माहितीखेरीज आणखी काय काय त्याला खर्र्याकडे ओढतं, हे एकत्र कसं पाहायचं?

यासाठी एक पद्धत आहे, सिस्टिम डायनॅमिक्स. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर या विद्युत अभियंत्याने १९५६ नंतर ती उभी केली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकीतल्या कारखान्यांपुढे एक कोडं होतं. काही वर्षं तीन पाळ्यांत काम चालायचं, मग अचानक निम्मे कामगार घरी बसवायची वेळ यायची. सगळे म्हणत, बाजारच तसा आहे. फॉरेस्टरने कंपनीचे निर्णय कागदावर मांडले. साठा किती झाला की माणसं घ्यायची, मागणी आल्यावर माल निघायला किती आठवडे लागतात, हे सगळं जोडून गणित केलं. बाजार स्थिर धरला तरी चढउतार होतच राहिले. ते कंपनीच्या स्वतःच्या निर्णयांतून आणि त्यांच्यातल्या उशिरातून जन्मत होते. पुढे १९७२ साली डोनेला मेडोज आणि तिच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत साऱ्या जगाच्या लोकसंख्येला आणि साधनसंपत्तीला लावली; 'द लिमिट्स टू ग्रोथ' हे त्यांचं पुस्तक जगभर गाजलं. तंबाखूपर्यंत ती २००७ साली ठळकपणे पोहोचली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तंबाखू नियंत्रणातल्या व्यवस्था-विचारावर तेव्हा एक आख्खा ग्रंथ काढला.

पद्धतीचं पहिलं पाऊल कागद-पेन्सिलीचं आहे. ज्या गोष्टी वाढतात किंवा घटतात, त्यांची नावं लिहायची: तलफ, भूक, थकवा, ठेल्यांची संख्या, भीती. मग कशामुळे काय बदलतं ते बाणाने दाखवायचं. पहिली गोष्ट वाढली की दुसरीही वाढते आणि पहिली घटली की दुसरीही घटते, तर बाणावर अधिकचं चिन्ह. उलटं होत असेल तर उणे. बाण फिरून सुरुवातीला आले की वर्तुळ पुरं होतं. वर्तुळातले उणे बाण मोजायचे. संख्या विषम आली तर ते आवर घालणारं वर्तुळ; ते गोष्टी एका पातळीवर धरून ठेवतं. सम आली, किंवा उणे बाण एकही नसला, तर ते फुगत जाणारं वर्तुळ. एकदा ज्या बाजूला कललं, त्याच बाजूला ते आणखी कलत जातं. परिणाम दिसायला वेळ लागत असेल तर त्या बाणावर दोन आडव्या रेघा मारायच्या. या दोन रेघांकडे सगळ्यांत आधी बघावं असं माझं मत आहे. कारण पुढे येईल.

आता खर्रा मांडून पाहू. खर्रा खाल्ला की रक्तात निकोटिन वाढतं, निकोटिन वाढलं की तलफ घटते, तलफ घटली की माणूस खर्रा खात नाही. उणे बाण एकच, म्हणजे हे आवर घालणारं वर्तुळ. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा हे वर्तुळ फिरतं आणि प्रत्येक वेळी माणसाला बरं वाटतं. त्याच्या अनुभवात खर्रा हे औषधच असतं. पण त्याच्या मागे दुसरं, संथ वर्तुळ आहे. रोजच्या निकोटिनला मेंदू सरावतो, सराव वाढला की तलफ अधिक तीव्र होते, तलफ वाढली की खर्रा वाढतो, खर्रा वाढला की सराव आणखी वाढतो. यात उणे बाण एकही नाही. पहिलं वर्तुळ तासाभरात बक्षीस देतं, दुसरं वर्षावर्षाने वसुली करतं. 'मनावर घेतलं तर सुटेल' या सल्ल्यात या दोन वर्तुळांच्या वेगांतला फरक धरलेलाच नसतो.

तिसरं वर्तुळ बांधीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं आहे. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून चिखलात वाकून असतात. निकोटिन भूक मारतं, हे शरीरशास्त्राचं साधं सत्य आहे. खर्रा वाढला की भूक घटते, भूक घटली की जेवण घटतं, जेवण घटलं की अंगातली ताकद घटते, ताकद घटली की थकवा वाढतो, आणि थकवा घालवायला पुन्हा खर्रा. उणे बाण दोन, वर्तुळ फुगत जाणारं. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. ज्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिथे हे वर्तुळ जोरात फिरणार. आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या एका टेबलावर मिळतात आणि तंबाखूचा सल्ला दुसऱ्या टेबलावर. कागदावर मात्र दोन्ही एकाच वर्तुळात येतात. रोवणीच्या बांधावर दुपारचं जेवण आणि पिण्याचं पाणी वेळेवर पोहोचणं हा तंबाखूविरोधी कार्यक्रमाचा भाग असू शकतो, हे भाषणातून कधीच सुचलं नसतं.

चौथं वर्तुळ सोबतीचं: खाणारे वाढले की पुडी पुढे करणारे हात वाढतात, हात वाढले की नवे खाणारे वाढतात. पाचवं पोटापाण्याचं: गिऱ्हाईक वाढलं की पानठेल्याची कमाई वाढते, कमाई दिसली की आणखी एक ठेला लागतो, ठेला जवळ आला की गिऱ्हाईक वाढतं. या पाचव्या वर्तुळात जो माणूस उभा आहे तो गावाचाच आहे. बऱ्याचदा त्याच्याकडे जमीन थोडी असते, आणि महामार्गाच्या कडेला टपरी हाच त्याचा बारमाही आधार असतो. त्याला खलनायक ठरवून चित्र काढलं तर तो चर्चेला येणारच नाही. कोण नवीन खायला लागलं, कोणत्या वयाचं पोरगं येतं, कोणत्या हंगामात विक्री चढते, ही माहिती मात्र गावात सर्वांत चांगली त्याच्याकडेच असते.

सरकारी उपाय या वर्तुळांत कुठे जाऊन बसतात, ते आता पाहता येईल. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू, सुपारी, खर्रा आणि मावाही तिच्या कक्षेत आले. बंदीने 'सहज मिळणं' हा एक घटक दाबला. तलफ, थकवा, सोबत, ठेल्याची कमाई हे घटक जिथल्या तिथे राहिले आणि त्यांनी दुसरी वाट काढली. कारखान्याची पुडी गेली तरी हाताने घोटलेली पुडी राहिली. गोंदियाच्या एका बाजूला मध्य प्रदेशातला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगडचा राजनांदगाव, आणि मधून महामार्ग अन् रेल्वे; अशा जागी एका राज्याच्या आदेशाने पुरवठा आटवणं सोपं नसतं. या शास्त्रात याला धोरणाचा प्रतिकार म्हणतात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. तिच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोन्ही गट आपापला एकेकच बाण दाखवत राहिले, हे मला त्या सगळ्या वादात फार खटकत आलं आहे.

बंदीपेक्षाही चित्रमय इशाऱ्याचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. एप्रिल २०१६ पासून भारतात तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असावा लागतो. जगातल्या मोठ्या इशाऱ्यांपैकी तो एक आहे. पण खर्र्याला पाकीटच नाही. ज्या डब्यातून तंबाखू निघाला त्यावर चित्र असेलही; तो डबा ठेल्याच्या आत राहतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती येते कोरी पन्नी. भीती वाढवून खाणं घटवणारा जो बाण दिल्लीत आखला, तो सौंदडच्या ठेल्यापर्यंत येता येता तुटतो. करवाढीचंही तसंच. तंबाखू महागला की पुडीत किती घालायचा हे विक्रेत्याच्या हातात असतं. उरलेली जागा सुपारी भरून काढते, आणि सुपारी स्वतःच निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसला तरी सुपारीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे.

सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या अस्तराखाली कठीण तंतू साचत जातात. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवातीला फक्त तिखट झोंबायला लागतं. ज्या मुलुखात रोजचं जेवणच झणझणीत, तिथे माणूस 'तोंड आलं असेल' म्हणून सोडून देतो. मग गाल ताठर होतात आणि तोंड उघडणं कमी होत जातं. साधारण निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. हळूहळू दोन मावू लागतात, मग एक. खाणं सोडलं तर पुढची वाढ बरीचशी थांबते, पण झालेलं नुकसान सहसा पूर्ण परतत नाही. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो.

उशीर दाखवणाऱ्या त्या दोन रेघा इथे येतात. खर्रा वाढला की आजार वाढतो, आजार वाढला की भीती वाढते, भीती वाढली की खर्रा घटतो. आवर घालणारं वर्तुळ निसर्गाने ठेवलेलं आहे, फक्त त्यातला पहिला बाण कित्येक वर्षांनी पोहोचतो. तोवर तासातासाला फिरणारं तलफेचं वर्तुळ हजारो वेळा जिंकलेलं असतं. त्यात भीतीला आणखी एक फाटा आहे. भीती वाढली की तपासणीला जाणं घटतं. तपासणी घटली की लवकर निदान घटतं, आणि मग बरे होऊन परतणारे घटतात. गावाला दिसतात ते फक्त उशिरा नागपूरला, शंभराहून जास्त किलोमीटरवर नेलेले आणि न वाचलेले रुग्ण. 'दवाखान्यात नेलं की माणूस जातो' हा समज पक्का होतो आणि भीती आणखी वाढते. उणे बाण दोन, म्हणजे फुगत जाणारं वर्तुळ. सडलेल्या जबड्यांची भित्तिचित्रं लावून आपण कोणत्या बाणाला जोर देतो आहोत, हे ठरवूनच ती लावली पाहिजेत. त्यांनी खाणं थोडं घटेल, तपासणीही घटेल. दोहोंत जास्त काय घटेल, ते गावानुसार बदलणार.

फुगत जाणारं वर्तुळ उलटही फिरवता येतं, ही त्यातली आशेची बाजू. लवकर निदान झालेला आणि बरा होऊन पुन्हा बांधीवर उभा राहिलेला एक माणूस गावाची भीती कमी करतो, भीती कमी झाली की तपासणीला येणारे वाढतात, आणि बरे होणारेही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं उजेडात नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागात सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. यंत्र लागलं नाही. उशिराच्या त्या दोन रेघा तेवढ्या आखूड झाल्या.

गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोलीत हे फिरणं आधी दिसलेलं आहे, दुसऱ्या प्रश्नावर. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्या यशामागे औषधं आणि प्रशिक्षण होतंच. त्यांच्याइतकाच वाटा मला एका वर्तुळाचा वाटतो: वाचलेलं बाळ, त्यातून विश्वास, विश्वासातून वेळेवर बोलावणं, आणि त्यातून वाचणारं पुढचं बाळ. २०१६ पासून गडचिरोलीतच राज्य सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी दारू-तंबाखूवर 'मुक्तिपथ' चालवला. गावसंघटना, विक्रीवर दबाव, शाळा आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्ती क्लिनिक अशा कितीतरी जागी एकदम हात घालणारी त्याची रचना एकट्या बंदीपेक्षा या चित्राच्या फार जवळची आहे.

वर्तुळांइतकीच महत्त्वाची दुसरी कल्पना आहे साठा आणि प्रवाह. झाडीपट्टीत ती मामा तलावावरून सहज कळते. माजी मालगुजारी तलावाची पातळी नाल्यातून किती आलं आणि पाटातून, सांडव्यावरून किती गेलं यावर ठरते. गावात आज खर्रा खाणारे किती, ही अशीच पातळी. नव्याने लागणारे ती वाढवतात. सोडणारे आणि मरणारे कमी करतात. व्यसनमुक्ती शिबिराचा अहवाल सोडणाऱ्यांचा आकडा देतो आणि पातळी तीच राहिली म्हणून कार्यकर्ते खचतात. त्याच वर्षी नाल्यातून किती पोरं आत आली, हे कोणी मोजलेलंच नसतं. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकू नये आणि शाळेपासून १०० यार्डांत विक्री नको, असं २००३ चा कायदा सांगतो. तो कायदा आत येणाऱ्या प्रवाहावरचा आहे आणि म्हणून पाळायला सर्वांत मोलाचा आहे.

याच चित्राने सरकारी तपासणीतली एक फट मला दाखवली. आयुष्मान भारत योजनेच्या आरोग्य केंद्रांतून तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होते ती ३० वर्षांवरच्यांची. कॅन्सरच्या हिशेबाने ते बरोबर आहे. पण सुपारीने तोंड आवळायला लागतं ते विशीतही, कधी त्याआधीही. तीन बोटांची परीक्षा शाळेतलं पोरगं आरशासमोर स्वतः करू शकतं आणि आशाताई अंगणात उभ्या उभ्या करू शकतात. वीस वर्षांनी कळायची गोष्ट आज कळली तर आवर घालणाऱ्या त्या वर्तुळाला तलफेशी झुंजायला बळ मिळतं. माझ्या लेखी हात घालायची पहिली जागा हीच.

मात्र वर मांडलेलं चित्र एका लेखात बसवलेलं आहे, आणि सौंदडने ते खोडल्याशिवाय ते खरं होणार नाही. तज्ज्ञांनी बंद खोलीत काढलेल्या चित्रांचं काय होतं, याचा नमुना जगापुढे आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली सरकारच्या फोरसाइट प्रकल्पाने लठ्ठपणाचा नकाशा काढला. शंभराहून अधिक घटक आणि शेकडो बाण. प्रत्येक बाणामागे अभ्यास होता, आणि सगळे एकत्र पाहिल्यावर कुठून सुरुवात करावी हेच कळेना. दुसरी वाट त्याआधीच सुरू झाली होती: नेदरलंड्समध्ये याक व्हेनिक्स आणि पुढे अमेरिकेत पीटर हॉवमंड यांनी ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याच हाती पेन देण्याच्या रीती घडवल्या. हॉवमंडचं २०१४ चं पुस्तक पूर्णपणे वस्त्यांबरोबर मॉडेल बांधण्यावर आहे.

गावात हे करायचं तर रोवणी आणि कापणी टाळून, मंडईनंतरच्या मोकळ्या आठवड्यांत. समाजमंदिरात आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बाया, दोन पानठेलेवाले, एक शिक्षक, तोंड आवळलेला एखादा तरुण आणि खर्रा सोडलेली दोनचार माणसं बोलवावीत. सोडलेल्यांना विसरू नये. कोणतं वर्तुळ कुठे तुटलं हे तेच सांगू शकतात. बायांचा गट सुरुवातीला वेगळा बसवावा, कारण एकत्र बसलं की पहिले बाण सरपंच काढतात आणि बायांच्या खर्र्याचा विषय निघतच नाही. आधी वर्तुळं नकोत, आलेख हवा: आडव्या रेघेवर स्वतःच्या आयुष्याची वर्षं, उभ्या रेघेवर दिवसाच्या पुड्या. कुठे चढलं, कुठे उतरलं, त्या वर्षी काय झालं होतं? लग्न, बाळंतपण, नागपूर-हैदराबादकडची मजुरी, घरातला मृत्यू, ही नावं आलेखावर आपोआप येतात आणि बाणांचे घटक तिथूनच निघतात. आलेख काढताना कोणी कोणाला उपदेश करायचा नाही, एवढा एकच नियम पाळावा. रागावल्याने माणूस खर्रा लपवतो, आणि लपवलेलं काही आलेखावर येत नाही.

शेवटी फळ्यावर जे उरेल ते कदाचित माझ्या सहा-सात वर्तुळांशी जुळणारही नाही. त्यातल्या कोणत्या बाणाला किती जोर आहे हे चित्र सांगत नाही. त्यासाठी पुढे आकडे लागतात. सौंदडपुरते तीन आकडे आशाताईंच्या वहीत मावतील: या वर्षी नव्याने किती जणांनी खर्रा धरला, किती जणांनी सोडला, आणि पंचविशीच्या आतल्या किती जणांच्या तोंडात तीन बोटं मावत नाहीत. सोडू पाहणाऱ्याला १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तो क्रमांक त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर, आणि ठेलेवाला तयार असेल तर ठेल्याच्या फळीवरही लिहून ठेवावा.